‘उमेळे’मध्ये अक्षरं किती? २६ विरुद्ध ५२ या तुलनेचं परीक्षण

भाषेवर किंवा लिपीवर काम करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस वाचायला मिळाले की पहिल्या चॅप्टरच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर एक वाक्य हमखास भेटतं: ‘इंग्रजी वर्णमालेत केवळ २६ अक्षरे आहेत, तर मराठीत ५२, त्यामुळे मराठी ही अधिक समृद्ध व शास्त्रशुद्ध भाषा आहे.’ हसायचं कारण नाही, माझ्या पहिल्या मसुद्यातही हे वाक्य होतं. गाइडनी त्याखाली पेन्सिलने एकच प्रश्न लिहिला होता: ‘दोन्ही बाजूंना मोजलंस काय?’

मला वाटलं, मोजायचं काय त्यात, अक्षरं मोजली. पण ‘अक्षर’ म्हणजे काय ते मला सांगता येईना. आज या एका वाक्याचं परीक्षण करायचं आहे. ते साफ खोटं असतं तर काम सोपं होतं. पण त्यातले दोन्ही आकडे शाळेच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर आहेत, आणि तरीही तुलना चुकीची आहे. संशोधनात अशा चुका फार महाग पडतात, कारण व्हायवापर्यंत त्या कोणाला दिसत नाहीत.

चार गावांची नावं

सिद्धांत बाजूला ठेवू आणि वसई तालुक्यातली चार नावं घेऊ: उमेळे, वसई, विरार, नायगाव. प्रत्येक नावाची ‘लांबी’ मोजायची आहे. पण कशात?

पहिलं माप अक्षरांचं, म्हणजे आपण शाळेत फोड करायचो ती. उ-मे-ळे, तीन. व-स-ई, तीन. वि-रा-र, तीन. ना-य-गा-व, चार.

दुसरं माप वर्णांचं, म्हणजे व्याकरणात विग्रह करतो तसं. उमेळे: उ, म्, ए, ळ्, ए, एकूण पाच. वसई: व्, अ, स्, अ, ई, पाच. विरार: व्, इ, र्, आ, र्, अ, सहा. नायगाव: न्, आ, य्, अ, ग्, आ, व्, अ, आठ.

तिसरं माप तोंडातून निघणाऱ्या ध्वनींचं. उमेळे आणि वसई पाचच राहतात. पण ‘विरार’ म्हणताना शेवटचा ‘अ’ कोणी उच्चारत नाही, आपण ‘विरार्’ म्हणतो. म्हणजे सहाचे पाच झाले. ‘नायगाव’चं ‘नाय्गाव्’ होतं, आठाचे सहा.

चौथं माप कॉम्प्युटरचं. युनिकोडमध्ये मूळ अक्षराला एक संकेतांक आणि काना, मात्रा, वेलांटीला वेगळा. उमेळे: उ, म, मात्रा, ळ, मात्रा, पाच. वसई: व, स, ई, फक्त तीन. विरार पाच, नायगाव सहा.

आणि रोमन स्पेलिंग? उमेळे पाच (यू-एम-ई-एल-ई), वसई पाच, विरार पाच, नायगाव सात.

आता ‘उमेळे’ आणि ‘वसई’ शेजारी ठेवून बघा. अक्षरं सारखी, वर्ण सारखे, ध्वनी सारखे, रोमन अक्षरंही सारखी. फक्त कॉम्प्युटरच्या मोजणीत एक पाच आणि दुसरं तीन. का? ‘वसई’तल्या व आणि स यांच्या पोटात ‘अ’ आहे, पण त्याला स्वतःची खूण नाही. ‘उमेळे’त मात्र दोन मात्रा दिसतात, म्हणून त्या मोजल्या जातात. शब्दांची सरासरी लांबी काढून पाठ्यपुस्तकांची ‘काठिण्यपातळी’ ठरवायचं कोणी मनात घेतलं आणि लांबी सॉफ्टवेअरने काढली, तर तो प्रत्यक्षात मात्रा-वेलांट्या मोजत असेल आणि निष्कर्ष मात्र मुलांच्या वाचनाबद्दल लिहील.

‘विरार’ही बघा. तिथे देवनागरीत न उच्चारलेला ‘अ’ गृहीत आहे, तर रोमन स्पेलिंगने तो टाकून दिला आहे. ‘आपण बोलतो तसं लिहितो’ हे या एका नावापुरतं तरी रोमन लिपीला जास्त लागू पडतं. पटायला जड जातं, पण मोजून बघा.

दोन वेगळ्या यंत्रणा

मुळात इंग्रजीची लिपी आणि मराठीची लिपी ही एकाच यंत्राची लहान-मोठी मॉडेलं नाहीत. ही दोन वेगळी यंत्रं आहेत.

रोमन लिपीत स्वर आणि व्यंजन दोघांनाही स्वतंत्र, समान दर्जाची अक्षरं असतात आणि ती एकापुढे एक मांडली जातात. याला अल्फाबेट म्हणतात. अरबी लिपीत मुख्य २८ अक्षरं व्यंजनांची, आणि ऱ्हस्व स्वर बहुधा लिहिलेच जात नाहीत, वाचणारा संदर्भावरून भरून घेतो. याला अब्जद म्हणतात. देवनागरीत व्यंजनाच्या खुणेतच ‘अ’ गृहीत असतो. दुसरा स्वर हवा असेल तर त्या खुणेला मात्रा-वेलांटी जोडायची, आणि स्वर नकोच असेल तर पाय मोडायचा किंवा जोडाक्षर करायचं. या तिसऱ्या प्रकाराला पीटर डॅनियल्स या अभ्यासकाने १९९० मध्ये ‘अबुगिडा’ हे नाव वापरलं. शब्द इथिओपियाच्या लिपीच्या अक्षरक्रमावरून घेतलेला आहे.

नाव नवं असलं तरी पद्धत आपल्या दाराशी फार जुनी आहे. नालासोपाऱ्याला १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा सापडला. त्याची लिपी ब्राह्मी. त्यातही व्यंजनाची साधी खूण म्हणजे ‘अ’सकट व्यंजन, आणि इतर स्वरांसाठी त्याच खुणेला जोडलेल्या रेघा. विरार लोकलमधून सोपारा ओलांडताना आपण या पद्धतीच्या सव्वादोन हजार वर्षं जुन्या साक्षीदाराजवळून जातो.

काही लिप्या या कप्प्यांत नीट बसत नाहीत. कोरियन हंगुलमध्ये २४ मूळ अक्षरं आहेत, स्वर आणि व्यंजनं वेगळी, म्हणजे अल्फाबेटच. पण लिहिताना ती आपल्या अक्षरासारख्या चौकोनी गटात बांधली जातात. तेव्हा प्रकारांची नावं पाठ करून थांबू नका. त्या लिपीत वाचणारा माणूस कोणत्या तुकड्याला ‘एक’ समजतो, हा खरा प्रश्न आहे.

आपली अडचण अशी की मराठीत ‘अक्षर’ हा एकच शब्द चार कामं करतो. ‘तुझं अक्षर छान आहे’ म्हणजे हस्ताक्षर. ‘ए हे इंग्रजी अक्षर’ म्हणजे वर्णमालेतलं चिन्ह. ‘वि-रा-र ही तीन अक्षरं’ म्हणजे उच्चाराचा घटक. ओवी-अभंगात अक्षरं मोजतो तेव्हाही हाच घटक. आणि ‘क्ष’ला जोडाक्षर म्हणतो तेव्हा लेखनातला आकार. ‘२६ विरुद्ध ५२’ या वाक्याची सगळी गडबड या एका शब्दात लपलेली आहे.

आकडा ठरवतं कोण?

शाळेत आपण ४८ वर्ण शिकलो: १२ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं. मग ५२ कुठून आले? महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयात ॲ आणि ऑ हे स्वर आणि क्ष, ज्ञ ही विशेष संयुक्त व्यंजनं वर्णमालेत धरली गेली. त्या दिवशी मराठी माणसाच्या तोंडात चार नवे ध्वनी आले का? ‘बॅट’ आणि ‘डॉक्टर’ आपण आधीपासूनच म्हणत होतो. यादी बदलली, भाषा नाही.

उलटी गोष्ट स्पॅनिशची. तिथे सीएच आणि डबल-एल या जोड्या स्वतंत्र अक्षरं म्हणून मोजल्या जायच्या. १९९४ मध्ये शब्दकोशाच्या क्रमातून त्यांचं वेगळं स्थान गेलं आणि २०१० मध्ये त्या वर्णमालेतूनच वगळल्या, उरली २७ अक्षरं. स्पॅनिश काही गरीब झाली नाही.

तमिळ तर या तुलनेचा पायाच काढून घेते. तमिळ शाळेत १२ स्वर, १८ व्यंजनं, त्यांच्या गुणाकाराने २१६ स्वरयुक्त अक्षरं आणि एक आय्दम अशी २४७ अक्षरं शिकवतात. मराठीत ५२ आणि तमिळमध्ये २४७, म्हणजे तमिळ पाचपट समृद्ध म्हणायची का? तिच्यात तर ख, घ, छ, झ यांना स्वतंत्र खुणाच नाहीत. तमिळ पद्धतीने आपली बाराखडी मोजली तर ३४ गुणिले १२, म्हणजे ४०८ नुसत्या बाराखडीतच निघतात. आकडा भाषेतून येत नाही, मोजण्याच्या पद्धतीतून येतो.

इंग्रजीच्या बाजूलाही तेच. २६ ही चिन्हं आहेत. ब्रिटिश प्रमाण उच्चारात ध्वनी साधारण ४४ धरतात: २४ व्यंजनं आणि २० स्वर. ती तूट एसएच, टीएच, सीएच अशा जोड्यांनी आणि स्पेलिंगच्या सवयींनी भरली जाते. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना आणल्यावर स्पेलिंगं हळूहळू गोठत गेली आणि उच्चार मात्र पुढे सरकत राहिले. म्हणून ‘नाइट’मधला के आजही लिहिला जातो. एकेकाळी तो उच्चारला जायचा. इंग्रजीचा गोंधळ अक्षरं कमी असल्यामुळे झालेला नाही. तीच रोमन लिपी घेऊन तुर्कीने १९२८ मध्ये २९ अक्षरांची वर्णमाला केली आणि तिचं स्पेलिंग उच्चाराच्या खूप जवळ आहे.

सहाशे विरुद्ध चोवीस: एका जुन्या तुलनेचं वाचन

या वादातला सगळ्यात चांगला दस्तऐवज आपल्याकडचाच आहे, आणि तो चारशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज माणसाचा आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’, सुमारे ११ हजार मराठी ओव्यांचा ग्रंथ, १६१६ मध्ये राचोलला छापला गेला, तो रोमन अक्षरांत. ‘पाश्चात्त्यांनी आपली लिपी लादली’ असं यावरून लगेच लिहावंसं वाटतं. थांबा.

१६०८ मध्ये स्टीफन्सनी रोमला आपल्या वरिष्ठांना एक पत्र लिहिलं होतं. अ. का. प्रियोळकरांनी भारतातल्या मुद्रणाच्या इतिहासावरच्या आपल्या १९५८ च्या ग्रंथात त्याची दखल घेतली आहे. पत्राचा आशय असा: मलबारात जशी तिथल्या भाषेत आणि लिपीत पुस्तकं छापली आहेत तशी इथेही व्हावीत, अशी माझी कित्येक वर्षांची इच्छा आहे, पण एक अडचण म्हणजे युरोपात आपल्याला २४ साचे पुरतात, तर इथे अक्षरं स्वरासकट असल्यामुळे सहाशे साचे ओतावे लागतील. दुसरी अडचण वरिष्ठांच्या परवानगीची.

म्हणजे ज्याने रोमन लिपीत मराठी छापलं, त्यालाच देवनागरीत छापायचं होतं. त्याची गाडी ‘समृद्धी’वर नाही, खिळ्यांवर अडली होती. ही तुलना आपल्या ‘२६ विरुद्ध ५२’पेक्षा कितीतरी सरस आहे. त्याने आपलं काम सांगितलं (छपाई), त्या कामाला लागणारं एकक निवडलं (साचा), आणि कारणही दिलं (इथली लिपी स्वरासकट चालते). अबुगिडा हा शब्द जन्मायच्या ३८२ वर्षं आधी त्याने तिची यंत्रणा ओळखली होती. सहाशे हा आकडाही उगाच फुगवलेला वाटत नाही. बाराखडीचेच ४०८ आपण वर काढले, त्यात जोडाक्षरं टाका.

पण परीक्षण करायचं तर पूर्ण करू. स्टीफन्सचीही एक बाजू लंगडी आहे. उजव्या हाताला त्याने साचे मोजले आणि डाव्या हाताला अक्षरं. २४ ही लॅटिन वर्णमालेची संख्या. तेव्हा आय-जे आणि यू-व्ही या वेगळ्या अक्षरांच्या जोड्या मानल्या जात नव्हत्या, म्हणून २६ नाही. पण युरोपातल्या छापखान्यात २४ साच्यांनी काम भागत नव्हतं. मोठी लिपी वेगळी, छोटी वेगळी, शिवाय अंक, विरामचिन्हं, पोर्तुगीजसाठी खालची-वरची चिन्हं लावलेली अक्षरं, एफ-आयसारखे जोडखिळे. तेव्हा सहाशेच्या समोर प्रामाणिक आकडा २४ च्या किती तरी पुढचा असायला हवा होता. देवनागरीला जास्त खिळे लागतात, ही दिशा बरोबर. पंचवीसपट लागतात, हे प्रमाण चूक. दिशा बरोबर आणि प्रमाण चूक, हा निष्कर्षाचा एक वेगळा वर्ग असतो. आपल्या प्रबंधातले बरेच निष्कर्ष त्यातच मोडतात.

मलबारचा दाखलाही तपासून घ्यावा. तमिळमध्ये १५७८ मध्ये क्विलोनला पुस्तक छापलं गेलं होतं. पण तमिळला व्यंजनं १८ आणि जोडाक्षरं जवळपास नाहीतच, व्यंजनावर टिंब दिलं की झालं. तिथे जमलं म्हणून इथेही तितक्याच खर्चात जमलं असतं असं नाही. शाळेच्या मोजणीत २४७ अक्षरांची लिपी आधी छापली गेली आणि ५२ वाली अडकली, यातच सगळं आलं.

मग रोमन क्रिस्तपुराणाने काय साधलं?

गरज भागवायला स्टीफन्सनी जी रोमन पद्धत वापरली ती मला कमी दर्जाची वाटत नाही. ण, ट, ड, ळ यांसाठी लॅटिनमध्ये अक्षरं नाहीत, तर एन, टी, डी, एल ही अक्षरं दुप्पट करून लिहायची. उपाय साधा, पण फरक शाबूत राहतो. नवा खिळाही ओतावा लागत नाही. आजच्या रोमी कोकणीतही ‘ळ’साठी डबल-एल दिसतो. उलट आज आपण नकाशावर आणि रेल्वेच्या पाट्यांवर जी इंग्रजी स्पेलिंगं वापरतो त्यांत ल आणि ळ दोघांनाही एकच एल. १६१६ च्या पद्धतीने लिहिलं असतं तर ‘उमेळे’तला ळ वाचला असता.

रोमी कोकणी आणखी एका ठिकाणी देवनागरीच्या पुढे जाते. ‘जग’ हा शब्द मोठ्याने वाचा. दुनिया या अर्थी एक उच्चार, ‘जगणे’चं आज्ञार्थी रूप म्हणून दुसरा. ‘चार’ आणि ‘चारा’मधले च वेगळे. मराठी देवनागरी हा फरक दाखवतच नाही, आपल्याला तो आधीच माहीत असतो म्हणून खटकत नाही. रोमी कोकणीत ज च्या या दोन उच्चारांसाठी झेड आणि जे अशी वेगळी अक्षरं आहेत. ‘मराठी जशी बोलतो तशीच लिहितो’ हे वाक्यही सिनॉप्सिसमधून काढाच.

त्रुटी कुठे आहेत? पहिली, यू आणि व्ही एकच असल्यामुळे ‘देव’मधला व यू या अक्षराने लिहिला जातो. आजच्या वाचकाला तिथे स्वर की व्यंजन हे संदर्भाने ठरवावं लागतं. दुसरी, ऱ्हस्व-दीर्घ साधारणपणे दाखवलेलं नाही. इथे विद्यार्थ्यांसाठी धोक्याची घंटा आहे. आपल्यापैकी बरेच जण क्रिस्तपुराण देवनागरीत वाचतात, उदाहरणार्थ शांताराम बंडेलूंची १९५६ ची पुण्याची आवृत्ती. त्यात जे ऱ्हस्व-दीर्घ दिसतं ते बहुतांशी लिप्यंतर करणाऱ्याचा निर्णय आहे. त्यावरून सतराव्या शतकातल्या उच्चाराबद्दल काही सिद्ध करायला गेलात तर तुम्ही विसाव्या शतकातल्या संपादकाचा अभ्यास करत असाल. १६१६ च्या छापील प्रती आज उपलब्ध नाहीत. १९०७ ची मंगळूरची रोमन आवृत्तीही हस्तलिखितांवर आधारलेली आहे, आणि लंडनच्या मार्सडन संग्रहात याच ग्रंथाची देवनागरी प्रत आहे. कोणती प्रत वापरली आणि ती कोणत्या लिपीतून आली, हे पहिल्याच तळटिपेत यायला हवं.

मोडी वाचणाऱ्यांना ही अडचण ओळखीची वाटेल. मोडीतही इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा केला जात नाही. मराठीचाच कारभार शतकानुशतकं त्या लिपीत चालला आणि अर्थ लावताना कोणाचं फारसं अडलं नाही.

माझी चूक

हे सगळं मी शहाणपणाने सांगत असलो तरी शिकलो ते ठेच लागून. वसई तालुक्यातल्या बोलींच्या मुलाखती घेत असताना गावांची यादी दोन ठिकाणांहून केली: एक मराठी कागदांवरून, एक इंग्रजी नकाशांवरून. इंग्रजीत या गावाची दोन स्पेलिंगं फिरतात, शेवटी ई असलेलं आणि शेवटी ए असलेलं. माझ्या तक्त्यात उमेळे आणि उमेला अशी दोन गावं झाली, दोघांना वेगळे क्रमांक. ही चूक दोन दिवसांत सापडली.

दुसरी चूक सापडायला पावसाळा गेला. आगरी-कोळी बोलींत ळ च्या जागी ल, ण च्या जागी न आणि ड च्या जागी र ऐकू येतो: डोला, पानी, घोरा. मुलाखती उतरवताना माझा हात आपोआप ‘डोळा, पाणी, घोडा’ लिहीत गेला. शाळेने लावलेली सवय. नंतर ल-ळ ची आकडेवारी काढायला बसलो तेव्हा माझ्या वहीत ळ च ळ होते आणि ध्वनिमुद्रणात बहुतेक ठिकाणी ल. डेटा मीच ‘शुद्ध’ करून टाकला होता. सगळी ध्वनिमुद्रणं पुन्हा ऐकावी लागली.

तेव्हा लक्षात आलं की ‘उमेला’ हे इंग्रजांनी बिघडवलेलं रूप आहे असं मी जे गृहीत धरलं होतं, त्यालाही आधार नव्हता. रोमन स्पेलिंगला ळ लिहिता येत नाही हे खरं. पण माझ्यासमोर बसलेली आजीही ‘ल’च म्हणत होती. त्या स्पेलिंगमधला एल लिपीच्या मर्यादेमुळे आला की ऐकणाऱ्याने ऐकलं तेच लिहिलं, हे नुसत्या पाटीवरून ठरत नाही. ‘कोळ्यांना ळ म्हणता येत नाही’ हे वाक्य तर मुळातच उलटं आहे. त्यांच्या बोलीत तो भेद नाही, जसा प्रमाण मराठीच्या लेखनात दोन ‘जग’चा भेद नाही. एकाला आपण अशुद्धता म्हणतो आणि दुसऱ्याकडे लक्षही जात नाही, कारण मोजपट्टी प्रमाण देवनागरीची धरलेली असते.

‘२६ विरुद्ध ५२’मुळे नुकसान होतं ते इथे. त्या वाक्यात इंग्रजीला कमी लेखल्याने इंग्रजीचं काही बिघडत नाही. पण लिपी म्हणजेच भाषा आणि जास्त खुणा म्हणजे जास्त शुद्धता, ही सवय एकदा लागली की तिचा पहिला फटका आपल्याच शेजारच्या बोलीला बसतो. लिपी तर भाषेला किंवा धर्मालाही कायमची बांधलेली नसते. गोव्यात आणि वसईत दोन्हीकडे पोर्तुगीज होते. गोव्यात बऱ्याच ख्रिस्ती लोकांनी कोकणी रोमीत लिहिली, वसईच्या ख्रिस्ती समाजाचं लेखन मात्र मराठीत, देवनागरीत झालं. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी म्हणजे देवनागरीतली कोकणी असं ठरलं आणि रोमीत लिहिणाऱ्यांची तक्रार आजही चालू आहे. एकक कोणतं आणि प्रमाण कोणाचं, हा प्रश्न तिथे पुरस्कार, नोकऱ्या आणि शाळांपर्यंत पोचतो.

आणि मोबाइलपर्यंतही. साध्या रोमन अक्षरांच्या एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं बसतात, देवनागरी वापरली की ७०. त्या ७० मध्ये मात्रा आणि वेलांट्याही वेगळ्या मोजल्या जातात.

सिनॉप्सिसमध्ये मग काय लिहायचं?

ते वाक्य नुसतं खोडू नका, दुरुस्त करा. माझं आता असं आहे: ‘इंग्रजीसाठी वापरली जाणारी रोमन वर्णमाला २६ चिन्हांची असून तीत स्वर व व्यंजने स्वतंत्रपणे लिहिली जातात, मराठीसाठीच्या देवनागरीत व्यंजनचिन्हात ‘अ’ गृहीत असतो व शासनमान्य वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. या दोन संख्या वेगवेगळ्या एककांच्या असल्याने त्यांची थेट तुलना येथे केलेली नाही.’ वाक्य लांबलं आणि त्यातली ऐट गेली. पण परीक्षकाने बोट ठेवावं अशी जागा उरली नाही.

तुलना करायचीच असेल तर आधी काम सांगा. छपाईचा इतिहास असेल तर खिळे मोजा, मुलांचं वाचन असेल तर उच्चारातली अक्षरं, बोलींचा अभ्यास असेल तर ध्वनी, सॉफ्टवेअर असेल तर संकेतांक. मग दोन्ही बाजूंना तेच एकक लावा. आणि मुलाखती उतरवणार असाल तर ऐकलं तसं एक रकाना, प्रमाण लेखनात दुसरा रकाना. पहिला रकाना कधीही ‘सुधारू’ नका.

हा लेख बंद करण्याआधी स्वतःच्या गावाचं नाव कागदावर लिहा आणि वरची पाचही मापं लावून पाहा. कोल्हापूर किंवा सिंधुदुर्गवाल्यांना जोडाक्षरामुळे जरा जास्त घाम येईल. दोन मापं जुळली नाहीत तर का जुळली नाहीत ते एका वाक्यात लिहा. तुमच्या पद्धतिशास्त्राच्या चॅप्टरची सुरुवात तिथूनच करता येईल.